कॉफी ठेवून ती कुठं गेली?

बाई, तुमच्या नाटकात बशी मी घातली. तुम्ही लिहिलं होतं त्यात ती नव्हती. या बाईला हसण्यावारी नेऊ नका, एवढी एकच अट तुम्ही घातली होती आणि मी मान डोलावली होती. तरी गॅदरिंगच्या दिवशी, पडदा उघडायच्या जरा आधी, विंगेत उभ्या असलेल्या अश्विनीला मी म्हणालो, "शेवटी कॉफी बशीत ओत आणि आवाज काढून पी. फुर्र करून. बघ लोक कसे उठतात."

ती म्हणाली, "बाईंनी तसं न्हाय सांगितलं, सर."

"दिग्दर्शक कोण आहे?"

"तुम्ही."

"मग?"

लोक उठले. मांडव डोक्यावर घेतला. प्रमुख पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसले. तुम्ही शिक्षकांच्या रांगेतून उठलात, पदर सावरलात आणि मांडवाबाहेर निघून गेलात. मी ते विंगेतून पाहिलं आणि मला वाटलं, बाईंना बरं वाटत नसेल. हे खोटं आहे. मला तसं वाटलं नाही. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण टाळ्या चालू होत्या.

हे आधी लिहून टाकतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सर, आधी मुद्दा मांडा, मग रडा."

रडण्यासारखं खरं तर फार नाही. तुमच्या भाच्याचा, आनंदचा, गेल्या आठवड्यात एका सकाळी फोन आला. "आत्या गेली, सर. शेवटी त्रास झाला न्हाय." फोन ठेवला आणि मला सगळ्यात आधी हायसं वाटलं. अणदूरहून सोलापूरला डायलिसिसच्या त्या खेपा संपल्या. पाण्याचा घोट मोजून प्यायचा, केळ्याकडं नुसतं बघायचं, ते संपलं. तुमच्या डाव्या हातावर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी शीर वर आली होती. तुम्ही ती कधी झाकली नाही. उलट गल्लीतल्या पोरांना बोलावून म्हणायच्या, "कान लाव इथं. ऐकू येतं का? माझ्या हातात ओढा वाहतोय." पोरं कान लावायची आणि डोळे मोठे करून पळायची. तो ओढा थांबला, बाई, आणि मला बरं वाटलं.

पण सगळं सांगायचं ठरवलंय तर त्या हायसं वाटण्याचा दुसरा भागही सांगायला हवा. तो चांगला नाही. मला वाटलं, आता "मागितली का?" असं विचारणारं कुणी उरलं नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी उमरग्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आलो तेव्हा तुम्ही तिथं इंग्रजीच्या जुन्या शिक्षिका होता. बाकी सगळ्यांना पोरं मॅडम म्हणायची, तुम्हाला एकट्यांना बाई. तुमचा बारावीचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड होतं. माझ्या कवितेच्या तासात तुमची कादंबरी घुसायची.

ती जुनी अमेरिकन कादंबरी. जगभर नावाजलेली, आमच्या पुस्तकात तिचा फक्त एक उतारा. दोन भाऊ, बापाची कापसाची जमीन आणि शेवटी जळून जाणारं मोठं घर. उताऱ्यात दोघे भाऊ व्हरांड्यात बसून वाटणीवरून भांडत असतात. त्यात मध्येच एक ओळ येते, की काळी स्वयंपाकीण कॉफी ठेवून गेली. की परत भांडण सुरू. ती ओळ म्हणजे रस्त्यातला खडा. सगळे शिक्षक तिच्यावरून गाडी पुढं नेतात. तुम्ही तिथंच उतरायच्या.

"कॉफी ठेवून ती कुठं गेली?" तुमचा आवाज प्लायवूडमधून यायचा.

"आत गेली, बाई."

"आत म्हणजे कुठं? उभी हाय का बसली?"

"भांडी घासाय गेली असंल."

"घरी गेली असंल. लेकरं असतील की तिला बी."

मग एका मुलीचा आवाज आला, ठणठणीत. "न्हाय बाई. ती दाराआड थांबली. ऐकायली."

"का गं?"

"वाटणीत आपण कुणाला गेलो ते कळाया नको?"

प्लायवूडच्या अलीकडं माझ्या पोरांनीही वह्यांतून माना वर काढल्या. त्या काळी तिथं जमिनीबरोबर गुलाम माणसांचीही वाटणी व्हायची, हे तुम्ही आदल्या तासाला सांगितलं होतं. भावाभावांची वाटणी आमच्या पोरांना शिकवावी लागत नाही. पण वाटणीच्या मालात आपणच असू, हे त्या पोरीनं बोलून दाखवलं. ती अश्विनी.

मला तो प्रश्न त्या वेळी आवडला नव्हता, हेही सांगतो. स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता मी म्हणालो, "बाई, परीक्षेत हे येत नाही."

"येत नाही म्हणून तर वर्गात घेते."

"आणि तुम्हाला ती स्वयंपाकीण दिसणारच."

तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच धरून विचारलंत, "दिसणारच म्हणजे?"

तुमची आई अणदूरला लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि तुम्ही घरातल्या पहिल्या शिकलेल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, हेही. माझ्या वडिलांचं मुरुमच्या पेठेत भुसार दुकान, घरात बोलणं कानडी, देव्हाऱ्यात महादेव. मी म्हणालो, "म्हणजे... तुमच्या बाजूनं..."

"आमची बाजू कुठली, सर? ती बाई कापसाच्या मुलखातली, मी ज्वारीच्या. तिला मी बघितली न्हाय, तुम्ही न्हाय." मग तुकडा तोंडात टाकून म्हणालात, "मला का दिसली ते सोडा. तुम्हाला का दिसली न्हाय, तेवढं हुडका."

मी ते टोमणा म्हणून घेतलं. तुम्ही माझ्या डब्यातली शेंगाचटणी घेतलीत आणि विषय संपवलात. पुढं मी बघत गेलो की वर्गातही तुम्ही पोरांना तेच सांगायच्या. एखादा पोरगा उठून म्हणायचा, बाई, हे तर आपल्यासारखंच झालं. तुम्ही म्हणायच्या, "आपल्यासारखं कुठंवर आणि वेगळं कुठून, ते सांग. तिचं दुःख उचलून आपल्या अंगणात आणू नका. तिच्या अंगणात जाऊन बसा." पोरांना ते कळायचं का ठाऊक नाही. मला कळायला फार उशीर लागला.

मग तुम्ही नाटक लिहिलंत. कादंबरीच्या शेवटी घर जळतं आणि पुढं घरातल्या प्रत्येकाचं काय झालं ते लेखक सांगतो. धाकटा भाऊ शहरात गेला, थोरल्याची दृष्टी गेली, मालकीण माहेरी गेली. कुत्र्याचंसुद्धा सांगतो. स्वयंपाकिणीचं सांगत नाही. तुमचं नाटक तिथून सुरू व्हायचं. तिकडं स्वयंपाकघर मोठ्या घरापासून लांब, परसात असायचं, म्हणून ते जळत नाही. राखेतून ती एक खुर्ची ओढून आणते. मालकाची. ती पुसते. ज्यांच्या भांडणात तिनं दाराआडून स्वतःचा भाव ऐकला, ते सगळे एकेक करून तिला आठवतात, रंगमंचावर येतात, बोलतात, जातात. शेवटी कुणी उरत नाही. ती स्वतःसाठी कॉफी करते, खुर्चीवर बसते आणि पिते. एकही शब्द नाही. पडदा.

मी म्हणालो होतो, "हिला एखादं नाव तरी द्या, बाई. कादंबरीत नाही, आपण देऊ."

"नाव बाळाचं ठेवतात, सर. मोठ्या बाईला विचारायचं असतं. विचारायची सोय न्हाय तर गप ऱ्हावं."

दिग्दर्शन माझ्याकडं आलं, कारण दर वर्षी गॅदरिंगचं नाटक मीच बसवायचो. मालकिणीचं काम तुम्ही अश्विनीला दिलं होतं. आवाज तिचा, तोरा तिचा, पाठांतर तिचं. तुम्ही तिला तसं सांगूनही ठेवलं होतं. पहिल्या तालमीच्या दिवशी तुम्ही परीक्षेच्या कामाला धाराशिवला गेला होता. हॉलमध्ये सगळी पोरं गोल बसली होती. मी यादीवर नजर टाकली, अश्विनीकडं बघितलं आणि म्हणालो, "मालकीण? ही? प्रेक्षक काय आंधळे हायत व्हय रे? हिला स्वयंपाकीण करा. मेकअपचं कामच उरलं न्हाय."

पोरं खदाखदा हसली. अश्विनीही हसली. ती हसली, हे मी नंतर वर्षानुवर्षं जवळ धरून बसलो. बघा, तिला काही वाटलं नाही, ती तर हसत होती. पंचवीस पोरांच्या गोलात मास्तरांनी विनोद केल्यावर सावळ्या पोरीला हसण्यावाचून दुसरं काय करता येतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मी मुरुमच्या बाजारात वाढलोय. आमच्या घरात सून बघायला जाताना रंग आधी बघतात आणि स्वभाव मागाहून. काळी म्हटलं की कामवाली, गोरी म्हटलं की मालकीण, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी पुसलंही नव्हतं. त्या परक्या देशातल्या बाईला न्याय द्यायला निघालेलं नाटक मी असं बसवायला घेतलं.

तुम्ही परत आलात तेव्हा बदल कळला. स्टाफरूमच्या दारातच विचारलंत, "गोरं करायला पावडर असते ना, सर? मग अडलं कुठं?"

"वेळ कमी आहे, बाई. आणि स्वयंपाकीण हीच तर मुख्य भूमिका. तिचं भलंच झालं की."

तुम्ही आत येऊन पिशवी टेबलावर ठेवलीत. मग म्हणालात, "तोंडाला काळं फासायचं न्हाय कुणाच्या. आणि या बाईला हसण्यावारी न्यायचं न्हाय. एवढं पाळा." मी पाळतो म्हणालो. पहिलं पाळलं.

नाटकाला पहिला नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी बक्षिसाचा कप स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलेला. तुम्ही आलात, त्याच्याकडं बघून म्हणालात, "कुठं ठेवणार हा?" मी म्हणालो, कपाटावर. तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर इतकी वर्षं आपण एका टेबलावर जेवलो, पण त्या नाटकाबद्दल एक अक्षर बोललो नाही. शेंगाचटणी मात्र घेत राहिलात.

अश्विनी व्हरांड्यातून चालली की मागून पोरं फुर्र करायची. वर्गात आली की फुर्र, उमरग्याच्या स्टँडवर बसली की फुर्र. मी एकदोनदा ऐकलं आणि खिडकीतून "ए, कोण आहे रे" म्हणून ओरडलो. म्हणजे मीच पेटवलं आणि मीच पाणी मारल्यासारखं केलं. बारावी झाली आणि ती आमच्याच संस्थेच्या पदवी कॉलेजात पुढं आली नाही.

काही वर्षांनी उमरगा स्टँडवर सोलापूरच्या गाडीच्या दारात एक खाकी कपड्यातली बाई उभी दिसली. "सोलापूर, सोलापूर! नळदुर्ग, अणदूर! चला, आत सरका, मधी जागा हाय!" ठणठणीत आवाज. मी ओळखला. तिनंही मला ओळखलं. तिनं मान हलवली का नाही, सांगता येत नाही, कारण मी तोवर कँटीनकडं वळलो होतो. गाडी गेली. मी मागच्या गाडीनं गेलो. त्यानंतर सोलापूरला जायचं असलं की मी आधी गाडीच्या दारात कोण आहे ते बघायचो. ती असली तर मला एकदम तहान लागायची, कुणाला तरी फोन करायचा असायचा, नाहीतर वडाप जीप बरी वाटायची. एका पन्नाशीच्या मास्तरानं एसटीच्या कंडक्टरला घाबरून थांबे बदलत फिरावं, हे बायकोलाही कधी सांगितलं नाही.

तुम्ही निवृत्त होऊन अणदूरला राहायला गेलात. मग ते आजारपण आलं. मी भेटायला यायचो, पेरू आणायचो, ते तुम्हाला चालत नाहीत हे विसरून. एकदा दुपारी तुम्ही सोलापूरहून येऊन टेकला होता, थकलेल्या, पण चेहरा उजळ. सहज म्हणालात, "अश्विनीच्या गाडीनं आले. लई जीव लावते पोरगी. दाराजवळची सीट राखून ठेवते. कुणी बसलं की म्हणती, उठा, माझी बाई यायची हाय."

माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. आणि मग मी बोललो, सगळं. तालमीतला विनोद, विंगेतलं फुर्र, स्टँडवरचं कँटीन. हात जोडून म्हणालो, "बाई, मला माफ करा."

तुम्ही ऐकून घेतलंत आणि चक्क हसलात. "सर, तुम्ही गुन्हासुद्धा लोणच्यासारखा मुरवता. इतकी वर्षं बरणीत?" मग म्हणालात, "आमच्या गावचा खंडोबासुद्धा वर्षातून एकदा मुक्काम हलवून नळदुर्गाला जातो. तुम्ही मात्र त्या बशीपाशीच बसलात."

"माफ केलं म्हणा की."

"मी कोण? नाटक माझं बिघडलं, ते जाऊ दे. माझं जे होतं ते मी तिला सांगितलं. त्या दिवशी मी मांडवातून उठून गेले. मला राग आला म्हणून गेले, पण पोरगी स्टेजवर एकटी होती. तिनं बघितलं की बाई निघाली. त्याची माफी मी मागितली तिची, पहिल्यांदा तिच्या गाडीत बसले तेव्हाच. तुमची तुम्ही मागा."

मी म्हणालो, घरी जाऊन मागतो, पत्ता द्या. तुम्ही मान हलवलीत. "बोलला कुठं होता? चारचौघांत. मग माफी कोपऱ्यात का?"

"मग कॉलेजच्या कार्यक्रमात, भाषणात..."

"भाषणात अजिबात न्हाय. भाषणात मागितली की टाळ्या पडतील आणि तुम्हालाच बरं वाटंल."

मी चिडलो. माफी मागायला आलेला माणूस चिडतो, हे तुम्हाला गमतीचं वाटलं. मी म्हणालो, "बशी चुकली, कबूल. पण तुमचा शेवट लांब होता, बाई. इतका वेळ नुसतं कॉफी पिणं आपल्या प्रेक्षकाला झेपलं नसतं."

"लांब होता तर कापायचा. हसवायचा कशाला?"

"शांतता सांभाळली नसती त्यांनी."

"तुम्ही देऊन तर बघायची होती."

हा वाद तिथंच राहिला. मला अजूनही वाटतं की शेवट लांब होता. आणि अजूनही वाटतं की ती शांतता मी द्यायला हवी होती. दोन्ही खरं असू शकतं, असं तुम्ही म्हणाला असता की नाही, ते आता कळायची सोय नाही.

त्यानंतर दर भेटीला दारातच तुमचा प्रश्न. "मागितली का?" मी म्हणायचो, या आठवड्यात गाडी चुकली. "गाडी चुकली का तुम्ही चुकवली?" आनंदला आत काय चाललंय ते कळायचं नाही. तो एकदा म्हणाला, "आत्या, सरांनी कुणाचे पैसे बुडवलेत काय?" तुम्ही म्हणालात, "पैसे असते तर कवाच फिटले असते."

आणि मग तुम्ही गेलात. मला हायसं वाटलं, ते वर लिहिलंच आहे.

तुमच्या जलदान विधीसाठी अणदूरला यायला मी उमरगा स्टँडवर उभा राहिलो. सोलापूरची गाडी लागली. दारात अश्विनी. माझे पाय आपोआप कँटीनकडं वळले, पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं. तिथं लक्षात आलं की आज ही गाडी सोडली तर कुणी विचारणार नाही. अणदूरच्या त्या दारात आज प्रश्न नाही. पुढच्या आठवड्यात नाही, कधीच नाही. मी इतकी वर्षं भीत होतो ते हिला, असं मला वाटायचं. पण मला ढकलत होतं ते तुमचं विचारणं, आणि आता ढकलणारं कुणी नसताना मी खरोखर कसा माणूस आहे, ते त्या कँटीनपाशी ठरणार होतं. मी बाटली तशीच घेऊन गाडीकडं गेलो. तिनं बेल मारलेली होती. मी दाराच्या दांडीला लटकून चढलो.

"आत सरका," ती म्हणाली. मग बघितलं. "कुठं, सर?"

"अणदूर."

"बाईंकडंच न्हवं?" तिनं तिकीट काढलं. "मला रजा मिळाली न्हाय. ड्युटी सोडून संध्याकाळी जाणार हाय." दाराजवळच्या सीटवर कुणी नव्हतं. मी बसलो नाही.

"अश्विनी, मला तुझ्याशी बोलायचंय. सगळ्यांसमोर."

"आधी तिकिटं काढू द्या, सर. ही मशीन मधीच बंद पडती."

मी दांडी धरून उभा राहिलो. मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, "गुरुजी, बसा की. डोक्यावर कशाला उभं ऱ्हाताव?" ती मागच्या टोकापर्यंत तिकिटं काढत गेली. जळकोट मागं पडल्यावर पुढं आली, पिशवी कडेला केली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "बोला."

मांडीवर लेकरू घेतलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ओ, मोबाईल बंद करा. गुरुजी काय तरी बोलायलेत."

अश्विनी काय म्हणाली ते आधी सांगतो, बाई. सगळं ऐकून ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हातारा म्हणाला, "गुरुजी बोलले, म्हंजे लई झालं की, बाई. सोडून दे." ती त्याला म्हणाली, "तुम्ही गप बसा, आजोबा. तुमचा इषय न्हाय." मग मला म्हणाली, "सर, त्या बशीचं मला एवढं न्हाय. पोरं फुर्र करायची, मी बी एकदोघांना चप्पल दाखवली. पण मला मालकीण व्हायचं होतं. बाईंनी सांगितल्यावर आईची मोरपंखी साडी इस्त्री करून ठिवली होती मी. आईला सांगितलं होतं, बघाय ये, मी खुर्चीवर बसून हुकूम सोडणार हाय." पिशवीचा पट्टा सारखा करून म्हणाली, "माफ केलं का म्हणून विचारू नका. इतक्यात न्हाय सांगत. पण बोललात ते बरं केलं. मी बी तुम्हाला बघून बेल लवकर मारायची. आता न्हाय मारणार."

अणदूरला उतरलो तेव्हा ती दारातून म्हणाली, "बाईंना माझा जयभीम सांगा." तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना मी तो सांगितला. तिनं माफ केलेलं नाही, आणि तरी कित्येक वर्षांत मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. जेवणावळीत आनंदनं दोनदा वाढलं आणि मी दोन्ही वेळा खाल्लं.

आता तुम्ही विचारला असता, "सगळं बरं केलंत, सर. पण नेमकं काय बोललात? सारांश नको, शब्द सांगा." गाडी हिसके देत होती, म्हणून आवाज हवा तसा निघाला नाही. पण शब्द हे होते:

"अश्विनी, तुझा रंग काळा म्हणून मी तुझ्याकडून मालकिणीचं काम काढून घेतलं. सगळ्या पोरांसमोर त्याचा विनोद केला. तू हसलीस, तेव्हा तुला लागलं नाही असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मग लोकांनी तुझ्यावर हसावं म्हणून ऐनवेळी तुला ते करायला लावलं, जे बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. पुढं पोरांनी तुला छळलं आणि मी बघत राहिलो. यात तुझी चूक नव्हती, बाईंची नव्हती. माझी होती. मी तुझी माफी मागतो."